दार ठोठावणे हा गुन्हा आहे काय?



मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेत आम्ही एक साधा प्रश्न विचारला. समोर तेवीस मुले-मुली बसलेली होती. कोणी बँकेची तयारी करणारे, कोणी तलाठी, कोणी पोलीस भरती. प्रश्न असा होता की तुमच्यापैकी स्वतःचा सिबिल रिपोर्ट कोणी कोणी पाहिला आहे? तीन हात वर आले. बाकीच्यांना विचारले, का नाही पाहिला? तर मागच्या ओळीतला एक पोरगा म्हणाला, "दादा, पाह्यलं का कमी होते म्हंते." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

हे वाक्य साफ खोटे आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने कोणाचाही स्कोअर एका गुणानेही कमी होत नाही. दहा वेळा पाहा, शंभर वेळा पाहा. पण हे खोटे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये इतके पक्के का बसले, याचा विचार केला पाहिजे. कारण त्याच्या पोटात एक खरी गोष्ट लपलेली आहे. कोणीतरी पाहिल्याने खरोखर कमी होते. फक्त ते पाहणारे आपण नसतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. आपण ज्याला सरसकट 'सिबिल' म्हणतो ते एका कंपनीचे नाव आहे. ही कंपनी २००० साली स्थापन झाली. आज भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यासाठी संसदेने २००५ मध्ये खास कायदा केला आणि रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेख ठेवते. तुम्ही कोणत्याही बँकेचे, फायनान्स कंपनीचे, बचत गटवाल्या मायक्रोफायनान्सचे कर्ज घेतले की त्याची नोंद यांच्याकडे जाते. हप्ता वेळेवर गेला की नाही, किती दिवस उशीर झाला, कर्ज 'सेटल' केले की पूर्ण फेडले, सगळे. या नोंदींवरून ३०० ते ९०० या दरम्यान एक आकडा काढला जातो. तोच तो स्कोअर.

या रिपोर्टच्या शेवटी एक तक्ता असतो. आपली मुले तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. त्याचे नाव इन्क्वायरी. तुम्ही कर्जाचा अर्ज केला की ती संस्था तुमचा रिपोर्ट मागवते, आणि तिने तो मागवला याचीच नोंद तुमच्या रिपोर्टमध्ये पडते. कोणत्या संस्थेने मागवला, कोणत्या तारखेला, कशासाठी, किती रकमेसाठी. याला हार्ड इन्क्वायरी म्हणतात. तुम्ही स्वतः पाहिले तर ती सॉफ्ट इन्क्वायरी, तिचा स्कोअरशी संबंध नाही. थोड्या दिवसांत हार्ड इन्क्वायऱ्या जास्त झाल्या की स्कोअर घसरतो. कंपन्यांचे म्हणणे असे की इकडेतिकडे कर्ज मागत फिरणारा माणूस 'क्रेडिट हंग्री' असतो. कर्जाचा भुकेला!

आता हा शब्द जरा जिभेवर घोळवून पाहा. भुकेला. ज्याच्या घरी धान्य आहे तो भुकेला नसतो. आपल्या देशात भुकेला कोण, हे ठरवायला आकडेमोडीची गरज नाही.

आमच्या ओळखीचा एक तरुण आहे. नाव सांगत नाही. बी.ए. झालेला, अकोल्यात दुसऱ्याचा मालवाहू ऑटो चालवतो. मालकाला रोजचे पैसे देऊन हातात काय उरते हे ज्यांनी केले आहे त्यांना माहीत आहे. त्याने ठरवले, स्वतःची गाडी घ्यायची. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळात बीजभांडवल योजनेचा अर्ज केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या योजनेत महामंडळाचा वाटा छोटा असतो, मोठा हिस्सा बँकेने कर्ज म्हणून द्यायचा असतो. म्हणजे फाइल महामंडळाच्या टेबलावरून निघून शेवटी बँकेच्याच टेबलावर जाते. सहा महिने गेले. फाइल 'बँकेकडे पाठवली आहे' एवढेच उत्तर मिळत राहिले.

कंटाळून तो एका शोरूमला गेला. तिथे फायनान्सचा एजंट बसलेला असतोच. त्याने आधार घेतले, पॅन घेतले आणि म्हणाला, "तीन-चार ठिकानी टाकून पाहू, कुठं ना कुठं होऊनच जाते." मग मोबाईलवर ओटीपी येत राहिले आणि आपला गडी सांगत राहिला. तीन दिवसांत नऊ संस्थांनी त्याचा रिपोर्ट मागवला. त्या नऊपैकी एकीनेही कर्ज दिले नाही, कारण त्याच्या रिपोर्टमध्ये एका मोबाईलच्या हप्त्याशिवाय दुसरे काहीच नव्हते. इतिहासच नाही तर विश्वास कसा ठेवणार, असे म्हणाले.

पुढे दोन महिन्यांनी महामंडळाची फाइल बँकेत एकदाची उघडली. साहेबांनी संगणकात पाहिले आणि म्हणाले, "एवढ्या इन्क्वायऱ्या? तुम्हाला पैशाची फारच गरज दिसते."

अहो, कर्ज मागायला येणाऱ्याला पैशाची गरज नसेल तर कोणाला असेल? आणि त्या रिपोर्टमध्ये काय लिहिलेले नव्हते तेही पाहा. हे नऊ अर्ज त्याने केले नाहीत, एका एजंटने एकाच गाडीसाठी केले, हे लिहिलेले नव्हते. नऊ ठिकाणी नकार मिळाला आणि त्यामुळे त्याच्या डोक्यावर एक रुपयाचेही कर्ज वाढले नाही, हेही लिहिलेले नव्हते. नकाराची नोंद त्यात होतच नाही. नोंद होते ती फक्त विचारल्याची. बाहेरून बघणाऱ्याला दिसले ते एवढेच, की हा माणूस तीन दिवसांत नऊ दारांवर उभा होता. शेवटी त्याने गाडी घेतलीच, पण खाजगीतून, आणि व्याज महिन्याच्या शेकड्याने. त्या व्याजाचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या रिपोर्टमध्ये येणार नाही. वेळेवर फेडले तरी त्याचा स्कोअर वाढणार नाही.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला आणि मग पुणे-नगरच्या गावोगावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे घेरली आणि त्यांची खते, रोखे, वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. ते लोक माणसांपेक्षा कागदांवर का तुटून पडले? कारण तो कागद त्यांना वाचता येत नव्हता, आणि तरी तो त्यांचे आयुष्य ठरवत होता. पुढे १८७९ मध्ये इंग्रज सरकारला त्यावर कायदा करावा लागला. त्यात कर्जदाराला पावती मागण्याचा आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क द्यावा लागला. सावकाराची बाजू घ्यायची आमची मुळीच इच्छा नाही. पण एक फरक नोंदवून ठेवला पाहिजे. सावकाराच्या वहीत निदान दिलेले कर्ज लिहिले जायचे, मग त्यात दहाचे शंभर का केलेले असेनात. आजच्या वहीत न दिलेले कर्जही आपल्या नावावर लिहिले जाते.

आता कोणी म्हणेल, हा तर गणिताचा विषय आहे, यात जात कुठून आली? संगणकाला जात कळत नाही. आमचे अनेक सवर्ण मित्र हेच म्हणतात, आणि आपल्यातलेही काही शिकलेले लोक आता हे म्हणू लागले आहेत.

रिपोर्टमध्ये जातीचा रकाना नाही, हे खरे आहे. पण दोन माणसे कर्ज कसे शोधतात ते पाहू. एकाचा मामा बँकेत आहे किंवा शेजारी बँकेत आहे. तो रविवारी चहाला जातो आणि विचारतो, "माझ्या पगारात किती बसेल? कोणत्या बँकेत टाकू?" मामा सांगतो, इथे टाक, हे कागद जोड, तिथे टाकू नको. तो एकाच ठिकाणी अर्ज करतो, एकच इन्क्वायरी पडते, कर्ज मंजूर. दुसऱ्याच्या सात पिढ्यांत कोणी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेले नाही. त्याला विचारायचे असेल तर अर्ज करूनच विचारावे लागते. त्याची विचारपूस म्हणजेच इन्क्वायरी. दोघांनीही विचारले आहे. एकाचे विचारणे चहाच्या कपात विरघळून गेले, दुसऱ्याचे कायमच्या वहीत चढले. समाजशास्त्राच्या वर्गात बोर्द्यू नावाच्या फ्रेंच विद्वानाचे 'सामाजिक भांडवल' शिकवतात. आम्ही त्यावर पंधरा गुणांचे उत्तर लिहून आलो होतो. त्याचा खरा अर्थ मात्र आम्हाला त्या नऊ इन्क्वायऱ्यांच्या तक्त्याकडे पाहताना कळला.

दुसरी गोष्ट. इथे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर उद्या कोणी आम्हाला खोटे पाडेल. स्कोअरमध्ये सर्वांत जास्त वजन परतफेडीला असते. हप्ते वेळेवर भरले की नाही, हे पहिले. इन्क्वायरीचे वजन त्यामानाने थोडे. ज्याचे वीस वर्षांचे गृहकर्ज नीट चालू आहे, ज्याच्याकडे दोन क्रेडिट कार्डे आहेत, त्याच्या रिपोर्टवर चार इन्क्वायऱ्या पडल्या तर कोणाचे लक्षही जात नाही. पण ज्याच्या रिपोर्टमध्ये दुसरे काहीच नाही? ताटात चार भाज्या असल्या तर मीठ थोडे जास्त झालेले चालून जाते. ताटात भाकर आणि मीठच असेल तर? आपल्या मुलांची फाइल अशी पातळ आहे. वडिलांच्या नावावर घर नाही म्हणून गृहकर्ज नाही, शेती नाही म्हणून पीककर्ज नाही. त्यामुळे नियम सगळ्यांना एकच असला तरी त्याचा मार सगळ्यांना सारखा बसत नाही.

शेतीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी इशारा दिला की पीककर्जासाठी शेतकऱ्याला सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू. शेतकऱ्याला दिलासा मिळत असेल तर आमचा आनंदच आहे. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याने कोणाचा इशारा शोधायचा? भूमिहीन मजूर, ऑटोवाला, भाजीची गाडी लावणारी बाई, शिलाई मशीन घेऊ पाहणारी मुलगी, यांच्यासाठी कोणत्याही बैठकीत कोणी टेबलावर हात आपटला नाही. आपल्या पुढाऱ्यांनीही नाही.

"मग बँकेने जोखीम बघायचीच नाही का? पैसा ठेवीदारांचा आहे." हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला टाळायचे नाही. बँकेने जोखीम बघावी. तुमचे उत्पन्न बघावे, धंदा बघावा, आधीचे कर्ज बुडवले आहे का ते बघावे. आमचे म्हणणे एवढेच आहे की विचारणे आणि बुडवणे एका तराजूत टाकू नका. एकाच वाहनासाठी तीन दिवसांत आलेल्या नऊ चौकशा ही नऊ कर्जे नव्हेत. ही काही आमच्या डोक्यातून निघालेली अजब मागणी नाही. अमेरिकेत फिको नावाचा जो स्कोअर चालतो त्यात घर किंवा गाडीसाठी ठराविक दिवसांत, जुन्या पद्धतीत १४ आणि नव्या पद्धतीत ४५ दिवसांत, झालेल्या चौकशा एकच धरल्या जातात. कारण चार ठिकाणी व्याजदर विचारणे हे शहाण्या गिऱ्हाईकाचे लक्षण आहे. बाजारात वांगी घेतानाही आपली आई चार ढीग बघते. आपल्या देशातल्या कंपन्या मात्र आपले सूत्र पूर्ण उघड करत नाहीत. आम्हाला मोजणार, पण मोजपट्टी आम्हाला दाखवणार नाही.

आणि ठेवीदारांच्या पैशाची एवढी काळजी असेल तर मोठ्यांच्या बाबतीत ती कुठे जाते? जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशीसुद्धा तडजोड करण्याची वाट खुली करून दिली. तडजोडीनंतर किमान बारा महिने थांबायचे, मग नवीन कर्जाचा विचार होऊ शकतो. कोट्यवधींच्या कर्जात तडजोड झाली की तिला 'हेअरकट' असे गोंडस नाव मिळते. आपल्या भावाने मोबाईलच्या कर्जात आठ हजारांची तडजोड केली की रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असा शिक्का बसतो, आणि पुढची कित्येक वर्षे तो शिक्का बघून बँकवाला फाइल बाजूला सारतो.

हा विषय फक्त गाडी-घराचा राहिलेला नाही. नोकरीचा झाला आहे. बँक भरतीच्या जाहिरातीत शेवटच्या पानांवरच्या अटी वाचा. कर्जफेडीत कसूर केलेली असेल, सिबिलचा प्रतिकूल अहवाल असेल तर नेमणूक मिळणार नाही, असे स्टेट बँक लिहिते. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा बँकेचा निर्णय कायम केला. त्या निकालाचा गाभा परतफेडीतली कसूर हा होता, इन्क्वायरी नव्हे. हा फरक लक्षात ठेवा आणि उगाच घाबरू नका. पण दोन वर्षे अभ्यास करून, परीक्षा पास होऊन, शेवटच्या टेबलावर एका जुन्या हप्त्याने नोकरी जाऊ शकते, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? उलट बाजूचा निकालही आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की केवळ स्कोअर कमी आहे म्हणून विद्यार्थ्याचे शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. शैक्षणिक कर्जासाठी भटकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खिशात हा निकाल असला पाहिजे. तो केरळचा आहे, महाराष्ट्रातल्या बँकेवर थेट बंधनकारक नाही असे मॅनेजर म्हणेल. म्हणू द्या. त्याला तो लेखी म्हणायला लावा.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. काहींना राग येईल, त्याला इलाज नाही.

व्हॉट्सॅपवर एक पोस्ट फिरते, 'सिबिल म्हणजे नवी मनुस्मृती'. त्यामागचा राग आम्हाला कळतो. पण ही पोस्ट पुढे पाठवणाऱ्या किती कार्यकर्त्यांनी स्वतःचा रिपोर्ट उघडला आहे? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती न वाचता नाही. बाबासाहेबांना त्या ग्रंथात काय लिहिले आहे ते ओळीओळीने माहीत होते. १९२३ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे जाऊन चलनावर साक्ष दिली. आपण जयंतीच्या भाषणात छाती फुगवून सांगतो की रिझर्व्ह बँकेच्या पायात बाबासाहेबांचा विचार आहे. आणि त्याच रिझर्व्ह बँकेने आपल्याला दिलेला मोफत रिपोर्ट उघडायला घाबरतो, कारण कोणीतरी म्हणाले की पाह्यलं का कमी होते.

दुसरे, ॲप. रात्री बारा वाजता पोरगा मोबाईलवर 'तुम्ही किती कर्जाला पात्र आहात ते पाहा' अशी जाहिरात दाबतो. गरज नसते, कुतूहल असते. पॅन टाकतो, जन्मतारीख टाकतो, खालच्या चौकोनात टिक करतो. ती टिक म्हणजे संमती. तिथे काही ठिकाणी फक्त स्कोअर पाहिला जातो, काही ठिकाणी थेट अर्ज होतो आणि हार्ड इन्क्वायरी पडते. बारीक अक्षरात काय लिहिले आहे ते न वाचता दिलेली संमती ही आपण आपल्याच हाताने दिलेली किल्ली आहे. १४ एप्रिलच्या आधी नवा फोन हवा म्हणून तीन दुकानांत पॅन देऊन येणारे आमच्याच अभ्यासिकेत आहेत. त्यांना आम्ही तोंडावर बोललो आहोत, म्हणून इथेही लिहितो.

तिसरे, जामीन. चळवळीतला माणूस नाही म्हणू शकत नाही. मित्राच्या ट्रॅक्टरला सही, साडूच्या घराला सही. ते कर्ज जामीनदार म्हणून तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसते, आणि त्याने थकवले की तुमची मुलगी शैक्षणिक कर्जाला उभी राहील तेव्हा तुमच्या सहीचा हिशेब निघेल. आमच्या आयाबहिणींचा तर वेगळाच प्रश्न आहे. बचत गटाचे कर्ज तिच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या हातात, हप्ता चुकला की रिपोर्ट तिचा खराब. तिला कोणी विचारलेही नाही की बाई, तुझी संमती आहे का? यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

आपल्या हातात काय आहे तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसते रडगाणे होईल. २०१७ पासून चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा आहे. चार कंपन्या म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट. तीन-तीन महिन्यांनी एक काढा. कुठल्याही खाजगी ॲपवर जाऊ नका, थेट त्या कंपनीच्या संकेतस्थळावर जा. शेवटचा तक्ता उघडा आणि एकेक नाव वाचा. जिथे अर्ज केलाच नव्हता तिथली इन्क्वायरी दिसली तर ती तक्रार आहे, ती नोंदवा. २००५ च्या कायद्यानुसार अधिकार नसताना कोणाचा रिपोर्ट मिळवणे हा एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आपला मोबाईल नंबर किंवा ईमेल त्यांच्या नोंदीत असेल तर रिपोर्ट कोणी मागवला की आपल्याला संदेश आला पाहिजे, हेही त्याच नियमांत आहे. आपण तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकतो. कंपनीने ऐकले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही.

आणि हे तर प्रत्येकाने पाठ करावे. त्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, तुम्ही ज्या बँकेत अर्ज केला त्या बँकेने तुमचा जो रिपोर्ट मागवला, त्याची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. शुल्क भरायचे आणि प्रत घ्यायची. साहेब संगणकाकडे बघून मान हलवतात ना? त्यांना म्हणायचे, तुम्ही काय पाहिले ते मला कागदावर द्या. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असेही रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे आणि अर्थ राज्यमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत ते पुन्हा सांगितले. किमान अमुक स्कोअर हवाच, असा रिझर्व्ह बँकेचा कोणताही नियम नाही. तो आकडा बँका स्वतः ठरवतात.

शासनाकडे आमच्या दोन मागण्या आहेत. महामंडळाच्या योजनेतल्या अर्जदाराची फाइल बँकेने केवळ इन्क्वायरीच्या कारणावरून परत पाठवू नये आणि नाकारली तर कारण लेखी द्यावे. आणि एकाच वस्तूसाठी थोड्या दिवसांत झालेल्या इन्क्वायऱ्या एकच धरल्या जाव्यात. पहिली मागणी समाजकल्याण विभागाच्या अखत्यारीत येते, दुसरीसाठी रिझर्व्ह बँकेकडे जावे लागेल. निवेदनाचा मसुदा तयार आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी तो आपल्या लेटरहेडवर द्यावा. फोटो काढण्यापुरते निवेदन नको. आवक क्रमांक घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा.

त्या ऑटोवाल्या भावाला आम्ही अभ्यासिकेत बोलावले होते. त्याचा रिपोर्ट सगळ्यांसमोर, त्याच्या परवानगीने, उघडला. नऊ इन्क्वायऱ्यांपैकी पाच ठिकाणचे ओटीपी त्याच्या मोबाईलवर सापडले. उरलेल्या चार संस्थांची नावे त्याने आयुष्यात ऐकलेली नव्हती. त्या चारही नोंदींवर आम्ही तक्रार दाखल केली आणि तक्रार क्रमांक अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहून ठेवले. तीस दिवस झाले की पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये मागणार आहोत. फळ्यावर मुले रोज एक रेघ मारतात. आज सतरावी रेघ मारली.

जयभीम.